गिरणीत राबलेल्या पोरांचा माग कसा काढायचा

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, हुक्केरी आणि १९५६ पर्यंत याच जिल्ह्यात असलेलं चंदगड. या पट्ट्यात गल्लोगल्ली अशी घरं आहेत, ज्यांतलं कुणीतरी मुंबईच्या, सोलापूरच्या, कोल्हापूरच्या नाहीतर गोकाक फॉल्सच्या गिरणीत होतं. त्यातले कितीतरी जण मिसरूड फुटायच्या आधी कामाला लागले. घरात मात्र ‘आज्जा गिरणीत होता’ एवढीच आठवण उरते. किती वर्षांचा असताना लागला, पाळी किती तासांची होती, हाताला काम काय होतं, पहिला पगार कुणी घेतला, हे कुणी विचारलेलंच नसतं. ते विचारायची, कागदाशी ताडून बघायची आणि नीट लिहून ठेवायची रीत इथे दिली आहे. शाळेचा प्रकल्प असो, गावचा इतिहास असो की घराण्याची वही, रीत तीच.

आधी कायद्याच्या सालांचा कागद करा

माणसं गाठायच्या आधी एका कागदावर कारखाना कायद्यांची सालं लिहून घ्या आणि तो कागद वहीच्या पहिल्या पानाला चिकटवा. पुढे प्रत्येक वय आणि प्रत्येक पाळी या कागदाशी लावूनच वाचायची आहे.

१८८१ च्या पहिल्या कायद्याने सात वर्षांखालच्या मुलाला कामावर घ्यायला बंदी केली. सात ते बारा वयाच्या मुलाला दिवसाला नऊ तास, मध्ये एक तास विश्रांती आणि महिन्याला चार सुट्ट्या. हा कायदा यंत्रशक्तीवर चालणाऱ्या आणि शंभर किंवा जास्त माणसं असलेल्या कारखान्यालाच लागू होता, आणि वर्षात चार महिन्यांपेक्षा कमी चालणारा कारखाना त्यातून सुटत होता. म्हणजे कापसाच्या हंगामापुरती चालणारी, कापसातली सरकी काढणारी जिन बऱ्याचदा कायद्याबाहेर. बैलहोंगलच्या बाजूला जिनमध्ये लहानपणी काम केलेल्या माणसांची घरं शोधत असाल, तर त्या काळचा सरकारी कागद सापडला नाही म्हणून ‘तिथे मुलं नव्हती’ असं लिहू नका. मोजायला कुणी गेलंच नव्हतं.

१८९१ च्या कायद्याने किमान वय नऊ केलं. नऊ ते चौदा वयाला सात तास. कारखान्याची मर्यादा पन्नास माणसांवर आली. १९११ च्या कायद्याने कापड गिरण्यांत मुलांचे तास सहावर आणले आणि वयाचा दाखला सक्तीचा केला. १९२२ ला किमान वय बारा झालं, बारा ते पंधरा वयाला सहा तास. १९३४ ला त्याचे पाच तास झाले. १९४८ च्या कायद्याने चौदाखालच्या मुलाला कारखान्यात बंदी केली.

गोकाकची गिरणी घटप्रभेच्या धबधब्याच्या जोरावर १८८७ ला सुरू झाली. तेव्हा देशात १८८१ चाच कायदा चालू होता. सात वर्षांच्या पोराने नऊ तास काम करणं तेव्हा गुन्हा नव्हता, नियम होता. ही गोष्ट पोटात ठेवूनच पुढच्या गाठीभेटींना जायचं.

कायद्याचा कागद वाचायची आणखी एक खुबी आहे. मागणी आणि बंदी हे दोन्ही पुरावे असतात. १८८४ च्या सप्टेंबरात नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईत गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या आणि साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचा अर्ज तयार केला. आठवड्याला एक सुट्टी द्या, दुपारी अर्धा तास विश्रांती द्या, काम सकाळी साडेसहाला सुरू करून सूर्यास्ताला थांबवा, पगार पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेपर्यंत द्या, अशा मागण्या त्यात होत्या. जे मागावं लागलं ते मिळत नव्हतं, हे यातून आपोआप कळतं. रविवारची सुट्टी मुंबईत मिळाली ती १० जून १८९० पासून.

कुणाकडे जायचं

१९४८ ला बारा वर्षांचा असलेला मुलगा आज नव्वदीच्या घरात आहे. म्हणजे कायद्याने चालणारी ‘अर्ध्या वेळेची’ (मोठ्यांपेक्षा कमी तास काम करणारी) पोरं स्वतः सांगायला आता फारशी उरलेली नाहीत. उरलेल्यांकडे आधी जा, बाकीची कामं मागे टाका. त्यानंतर त्यांच्या धाकट्या भावंडांकडे आणि मग मुलांकडे. मुलींना विसरू नका. ‘आमच्या घरात बायका कामाला जात नव्हत्या’ असं बोलणं पहिल्या भेटीत ऐकू येतं. दुसऱ्या भेटीत रिळं गुंडाळणाऱ्या आत्याचं नाव निघतं.

दुसरा मोठा गट साठी-सत्तरीतल्या माणसांचा. हे गिरणीत नव्हते, पण बेळगावातल्या वडगाव, खासबाग, शहापूरच्या मागाच्या घरांत बसून कांड्या भरत होते (मागाच्या धोट्यात बसणाऱ्या नळ्यांवर सूत गुंडाळत होते), नाहीतर निपाणीच्या घराघरांत विडीची पानं कातरत होते. यांना आपण ‘कामगार’ होतो असं वाटतच नाही. ‘घरातलं काम’ असंच ते म्हणतात. त्यांची नोंद वेगळ्या वहीत घ्या, कारण कारखाना कायदा घराच्या उंबऱ्याबाहेर थांबत होता आणि या मुलांचे तास कुठल्याही हजेरीत नाहीत. १९२९ ला नेमलेल्या शाही कामगार आयोगाने १९३१ च्या अहवालात नेमक्या याच जागेवर बोट ठेवलं होतं. विडीसारख्या लहान कारखान्यांत पाच वर्षांची मुलं, दहा-बारा तास, नीट जेवणाची सुट्टी नाही, आणि अगदी लहानांना रोजचे दोन आणे. त्यानंतर १९३३ ला उचल घेऊन मुलाची मेहनत गहाण टाकण्याचे करार रद्दबातल ठरवणारा कायदा आला. ‘उचल’ हा शब्द बोलण्यात आला की तिथेच थांबून विचारा. किती घेतली, कशासाठी घेतली, फिटली का, आणि कोण फेडत होतं.

बरोबर न्यायचं सामान थोडं आहे. दोनशे पानी वही, दोन पेनं, रेकॉर्डिंगसाठी फोन, चार्जर, एक फूटपट्टी आणि कोरा पांढरा कागद (जुन्या कागदपत्रांचे फोटो काढताना खाली अंथरायला आणि शेजारी माप ठेवायला). फोन विमान मोडवर टाका. मध्येच कॉल आला की बऱ्याच फोनांत रेकॉर्डिंग तुटतं आणि ते तुटल्याचं घरी गेल्यावर कळतं. आणखी दोन वस्तू आवर्जून न्या. सुताचं एक रीळ आणि मिळाली तर जुनी लाकडी बॉबीन (गिरणीत सूत गुंडाळायची नळी). त्यांचं काम पुढे सांगितलं आहे.

रेकॉर्ड करायच्या आधी परवानगी घ्या आणि ती परवानगी रेकॉर्डिंगमध्येच बोलून घ्या. नाव छापायचं की नाही हे वेगळं विचारा. बोलायला तयार असलेली माणसंही नाव छापायला नको म्हणतात. त्याचा मान राखायचा.

प्रश्न कसे टाकायचे

‘तुम्ही बालमजूर होतात का?’ हा प्रश्न चुकूनही विचारू नका. हा शब्द सरकारी आहे. ऐकणाऱ्याला त्यात आपल्या आईबापावर आरोप दिसतो आणि बोलणं तिथेच संपतं. ज्या बापाने पोराला गिरणीत नेलं, त्याने बहुतेक वेळा दुष्काळ, कर्ज नाहीतर घरातला मृत्यू पाहून नेलं होतं. सांगणाऱ्याला ते माहीत असतं आणि तो बापाची बाजू राखतो. त्याला ती राखू द्या.

प्रश्न वस्तूंवरून आणि वेळेवरून टाका. (खालच्या प्रश्नांतला जॉबर म्हणजे गिरणीत माणसं भरणारा आणि त्यांच्यावर देखरेख ठेवणारा मुकादम.) हे चालतात:

‘आज्जा, भोंगा झाला की घरातनं कोण कोण बाहेर पडायचं?’
‘डबा कोण बांधायचं? त्यात काय असायचं? कुठं बसून खायचा?’
‘तेव्हा यंत्रापर्यंत हात पुरायचा का? नसेल तर कशावर उभं राहायचात?’
‘पहिला पगार कुणाच्या हातात दिलात?’
‘जॉबर कोण होता? तो कुठल्या गावचा? त्यानंच लावलं का कामाला?’
‘झोप आली तर काय करायचात?’
‘आज्जी, पावसाळ्यात वाटेवर ओढा असायचा का? तेव्हा कामाला कोण सोडायचं?’

शेवटचे दोन प्रश्न सगळ्यांत जास्त देतात. झोपेचा प्रश्न म्हणजे माराचा प्रश्न असतो, फक्त मार हा शब्द आपण उच्चारलेला नसतो. सांगायचं असेल तर माणूस स्वतःहून सांगतो.

उत्तर आपण तोंडात घालायचं नाही. ‘तुम्हाला मारत असतील ना?’ असं विचारलं की म्हातारी माणसं मान राखण्यासाठी ‘हो’ म्हणतात आणि तो ‘हो’ कशालाच लागत नाही. याचा धडा फार जुना आहे. १८३२ साली ब्रिटिश पार्लमेंटात मायकेल सॅडलर यांच्या समितीने लहानपणी गिरणीत राबलेल्या माणसांच्या साक्षी घेतल्या. कितव्या वर्षी लागलास, पहाटे किती वाजता जायचास, जेवायला किती वेळ, मार बसायचा का, अशी प्रश्नांची माळ होती. साक्षी हलवून टाकणाऱ्या होत्या आणि त्यातल्या पुष्कळ खऱ्याही होत्या. पण प्रश्नांतच उत्तर दडलेलं होतं आणि दुसरी बाजू ऐकलेली नव्हती, हे धरून गिरणीमालकांनी साक्षी धुडकावल्या आणि १८३३ ला दुसरा आयोग गिरण्यांच्या गावी पाठवावा लागला. आपण गोळा केलेलं बोलणं कुणाला असं झटकता येऊ नये, म्हणून प्रश्न मोकळा ठेवायचा.

एका बैठकीला तासाभराच्या वर ताणू नका. पहिल्या बैठकीत फक्त ऐका. दुसरी आठवड्याने घ्या. मधल्या दिवसांत माणसाला आपोआप आठवत राहतं. मागाच्या खात्यात आयुष्य गेलेल्या माणसाला खडखडाटाने ऐकू कमी येतं. कुठल्या कानाने बरं ऐकू येतं ते आधी विचारा आणि त्या बाजूला बसा. घरच्यांना मध्ये बोलू देऊ नका, विशेषतः ‘बाबांना काही आठवत नाही हो’ म्हणणाऱ्या मुलाला. त्याला चहाला पाठवा.

बोलण्यात कन्नड शब्द येतील, मुंबईच्या गिरणीतले मोडके इंग्रजी शब्द येतील. सुधारू नका. थ्रॉसल या कताईच्या यंत्राचं ‘त्रासन खातं’ झालं, ते तसंच लिहा. साचेखातं (मागाचं खातं), नायकीण (बायकांवरची मुकादमीण), बदली (कायम नसलेला कामगार), खाडा (गैरहजेरी) हे शब्द जिथे नेमके पडतात, तिथे माणूस खरोखर आत होता याची खूण मिळते.

हात काय सांगतात

आता रीळ आणि बॉबीन बाहेर काढा. बोलण्यातून जे निघत नाही ते हातांतून निघतं, आणि या कामात आम्हाला सर्वांत मोलाची वाटते ती हीच पायरी. सूत हातात द्या आणि मध्येच तोडा. म्हणा, ‘हे जोडून दाखवा की.’

जोडणारा गाठ मारतो की पीळ देतो, ते बघा.

कताईच्या खात्यात रिंगच्या यंत्रावर तुटलेली तार गाठीने जोडत नाहीत. तिथे चाती (बॉबीन बसवलेला दांडा) गरगर फिरत असते. पोराने एका हाताने ती चाती थांबवायची, बॉबीनवरचं टोक शोधून ओढायचं, रिंगवरच्या इवल्या पोलादी कडीखालून घ्यायचं, वरच्या आकड्यातून काढायचं आणि रोलरमधून बाहेर पडणाऱ्या कापसाच्या पुंजक्याला नुसतं टेकवून चाती सोडायची. पीळच टोकाला पकडतो. हे सगळं दोन-चार सेकंदांत. टोक जास्त आत टेकवलं तर तिथे जाड गुठळी होते, कमी टेकवलं तर पुन्हा तुटतं. ज्याने हे लहानपणी केलं, तो सूत हातात आल्यावर अंगठा आणि तर्जनी एकमेकांवर घासतो. गाठ मारायचं त्याच्या मनातही येत नाही.

ज्याचे हात झटकन चपटी, बारीक गाठ मारून शेपट्या तोडतात, तो रीळ गुंडाळायच्या, ताणा करायच्या किंवा मागाच्या खात्यातला. तिथे गाठ फणीतून सुटून जायला हवी, म्हणून ती चपटी. रहाटावर कांड्या भरलेली माणसं वेगळी कळतात. ती डाव्या हाताच्या चिमटीतून सूत सोडतात आणि उजवा हात नकळत गोल फिरतो.

बॉबीन दिल्यावर कुणी दोन्ही हात एकाच वेळी हलवलं, एकाने भरलेली उपटल्यासारखं आणि दुसऱ्याने रिकामी बसवल्यासारखं, तर तो डॉफर. डॉफरचं काम पोरांचंच असायचं. बॉबिनी भरल्या की यंत्र थांबतं, पोरांची रांग धावत येते, भरलेल्या काढते, रिकाम्या बसवते, यंत्र पुन्हा चालू. यंत्र थांबलेला प्रत्येक क्षण मालकाचं नुकसान, म्हणून जॉबरची घाई. मग पुढच्या भरणीपर्यंत थोडी सवड. डॉफर म्हातारपणी ‘आम्ही खेळायचो हो तिथं’ असं हसून सांगतो, ते याच सवडीबद्दल. ते खरं आहे, तसंच लिहा. फक्त हेही ध्यानात असू द्या की मुलांचं काम हलकंच असतं, मध्येमध्ये बसायला मिळतं, हा मुद्दा तास कमी करायला विरोध करणाऱ्यांनीही पुढे केला होता. म्हणून सवड किती वेळाची, त्या वेळात गिरणीबाहेर जाता यायचं का, पाणी प्यायला कुठे जायचं, हे लगेच विचारून घ्या.

हात दाखवत असताना व्हिडिओ काढा. चेहरा नको असेल तर नुसत्या हातांचा. खिडकी तुमच्या पाठीमागे ठेवा, म्हणजे उजेड हातांवर पडतो.

चालण्याचा हिशेबही करता येतो. एका बाजूची लांबी किती पावलं होती, तासाला किती फेऱ्या होत होत्या, हे विचारा आणि गुणाकार करा. विलायतेत जॉन फील्डेन या गिरणीमालक खासदाराने १८३६ मध्ये असाच हिशेब मांडला. म्युल या सरकत्या कताई यंत्रामागे तारा सांधत फिरणारं पोर बारा तासांत सुमारे वीस मैल चालतं, असं त्याने दाखवलं. तो आकडा म्युलचा आहे, तिथला आहे. आपल्याकडच्या रिंग यंत्राला तो जसाच्या तसा लावू नका. त्याची पद्धत घ्या, आकडा आपला काढा. चालत्या म्युलखाली सरपटत जाऊन कापूस झाडणारी पोरंही तिकडच्या सुरुवातीच्या गिरण्यांतली. इथल्या माणसाने स्वतः सांगितल्याशिवाय ते चित्र इथे आणायचं नाही.

छातीबद्दल विचारा. कापसाच्या धुळीचा त्रास वर्षानुवर्षं काम केल्यावर जडतो आणि त्याची एक खूण असते. सुट्टीनंतरच्या पहिल्या दिवशी छाती जास्त आवळते, पुढे आठवडाभर थोडी सैल होते. असं कुणी सांगितलं तर त्याच शब्दांत लिहा, रोगाचं नाव आपण ठरवायचं नाही. क्षय, विडी आणि चुलीचा धूर यांनीही छाती जाते.

साल कसं लावायचं

तारखा कुणाला आठवत नाहीत, घटना आठवतात. ‘तेव्हा तुम्ही केवढे होतात?’ हा प्रश्न पुढच्या घटनांशी जोडून विचारा. आजोबा-पणजोबांच्या गोष्टीसाठी १९१८ ची मानमोडी (इन्फ्लुएंझाची साथ). त्यानंतर डिसेंबर १९२४ चं बेळगावचं काँग्रेस अधिवेशन, ज्याची विहीर टिळकवाडीत अजून आहे. मग बेचाळीसची चळवळ, लढाईतलं रेशनिंग, गांधीजी गेल्यानंतरची जाळपोळ, १ नोव्हेंबर १९५६ ची राज्य पुनर्रचना, डिसेंबर १९६७ चा कोयनेचा भूकंप, बहात्तरचा दुष्काळ आणि १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेला मुंबईचा संप. दोन वेगळ्या घटनांवरून काढलेलं साल एक-दोन वर्षांच्या फरकाने जुळलं तर धरा. पाच वर्षांचा फरक पडला तर भावंडांच्या जन्मक्रमावरून पुन्हा विचारा.

पैशांचे आकडे आणे-पैत येतील. रुपयाचे सोळा आणे, आण्याचे चार पैसे, पैशाच्या तीन पै. नवे पैसे आले १ एप्रिल १९५७ ला. कुणी ‘पन्नास पैसे’ म्हणालं तर ते त्यानंतरचं, नाहीतर नंतरच्या सवयीने बदललेलं. आजच्या रुपयांत रूपांतर करत बसू नका. तेवढ्या पैशात तेव्हा ज्वारी किती यायची, ते विचारा.

कागद आणि खोटं वय

घरातल्या ट्रंकेत गिरणीचा पास, सर्व्हिसचा दाखला, फंडाची चिठ्ठी (फंडाचा कायदा १९५२ चा), शाळा सोडल्याचा दाखला आणि असलीच तर कुंडली सापडते. गिरणी कामगारांच्या घरांच्या सोडतीसाठी बऱ्याच कुटुंबांनी हे कागद एकत्र करून ठेवले आहेत, म्हणून ‘घराच्या अर्जाची फाईल आहे का?’ असंच विचारा. कागदांना चिकटपट्टी लावू नका, लॅमिनेट तर मुळीच करू नका. पांढऱ्या कागदावर ठेवून, शेजारी फूटपट्टी ठेवून, दोन्ही बाजूंचे फोटो घ्या. मागच्या बाजूवर पेन्सिलीने लिहिलेला हजेरी नंबर फार वेळा नजरेतून सुटतो.

गावच्या जुन्या शाळेत जनरल रजिस्टर असतं. मुख्याध्यापकांना लेखी अर्ज द्या. अर्ज कन्नडमध्ये असला की काम लवकर होतं. नाव, जन्मतारीख, दाखल झाल्याची तारीख, शाळा सोडल्याची तारीख आणि सोडण्याचं कारण हे रकाने उतरवून घ्या. १ जून ही जन्मतारीख दिसली की ती गुरुजींनी घातलेली समजा. सोडल्याच्या तारखा एका वर्षात, एका महिन्यात गठ्ठ्याने दिसल्या तर तिथे काहीतरी घडलं आहे. साथ, दुष्काळ नाहीतर गावात माणसं गोळा करायला आलेला जॉबर. तालुका कचेरीतली जुनी जन्म-मृत्यूची पुस्तकं मोडीत असू शकतात, तेव्हा मोडी वाचणारा माणूस बरोबर न्या. नावांबाबत सावध राहा. मराठी नोंदीतला रामा कन्नड नोंदीत रामप्पा होतो, लक्ष्मी लक्ष्मव्वा होते. बापाचं नाव आणि गाव जुळल्याशिवाय माणूस तोच असं म्हणू नका.

आता मुख्य गोष्ट. गिरणीच्या कागदावरचं वय हे मुलाचं वय नसतं, ते कायद्याच्या उंबरठ्याचं वय असतं. पहिल्या पानावरचा सालांचा कागद इथे कामाला येतो. १८९२ ते १९२२ या काळात कागदावर नेमकं नऊ किंवा नेमकं चौदा दिसलं, तर थांबा. नऊ लिहिलं की मूल आत येतं. चौदा लिहिलं की ते मोठ्यांत जमा होतं आणि मोठ्यांची पूर्ण पाळी करतं. १९२२ नंतर हे आकडे बारा आणि पंधरा होतात, १९४८ च्या कायद्यानंतर आत येण्याचा आकडा चौदा. दोन्ही टोकांना खोटं बोलण्याचं कारण होतं. घराला पूर्ण पगार हवा, जॉबरला माणूस हवा, गिरणीला हात हवे.

दाखला देणारा डॉक्टर जन्मनोंद नसल्यामुळे अंगावरून वय ठरवायचा. उंची बघायचा, दात बघायचा. बाराव्या वर्षाच्या आसपास दुसरी दाढ येते, त्यावर भिस्त. पण उपाशी वाढलेल्या पोराची उंची मागे राहते आणि थोराड बांध्याचं पोर दोन वर्षांनी मोठं दिसतं. त्यामुळे डॉक्टर प्रामाणिक असला तरी आकडा चुकू शकतो. कागदावर बारा, शाळेच्या रजिस्टरवरून नऊ आणि आईच्या सांगण्यावरून ‘थोरलीच्या लग्नाच्या वर्षीचा’ म्हणजे दहा, असं निघालं तर तिन्ही लिहा. सरासरी काढू नका.

एकाच मुलाची दोन नावं, दोन गिरण्या दिसल्या तर लगेच चूक ठरवू नका. १९११ च्या कायद्याने तास सहावर आल्यावर सकाळी एका गिरणीत आणि दुपारी दुसऱ्या गिरणीत, दोन दाखल्यांवर काम करणारी मुलं होती. अमदाबादेत हे विशेष गाजलं. १९२२ च्या कायद्याने एकाच दिवशी दोन कारखान्यांत काम करायला बंदी घातली, ती उगाच नाही.

मुंबईचं दप्तर

बेळगाव जिल्हा १९५६ पर्यंत मुंबई इलाख्यात आणि मग मुंबई राज्यात होता, त्यामुळे आपल्या भागातल्या कारखान्यांचे जुने सरकारी कागद बेंगळूरला शोधून भागत नाही. मुंबईत काळा घोड्याजवळ एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत महाराष्ट्र राज्य पुराभिलेखागार आहे. जाताना संस्थेचं किंवा कॉलेजचं ओळखपत्र आणि पत्र न्या, टिपणं पेन्सिलीने घ्या. इलाख्याच्या वार्षिक कारखाना अहवालांत पुरुष, बायका आणि मुलं असे वेगळे आकडे, अपघात आणि खटले मिळतात. ‘मुलं’ या रकान्यात कुठल्या वयापर्यंतची आली हे त्या सालच्या कायद्यावरून ठरतं, म्हणून १९२१ आणि १९२३ चे आकडे थेट शेजारी ठेवून ‘मुलं कमी झाली’ असं लिहिणं चुकीचं. जिल्ह्याचं १८८४ चं गॅझेटियर हातमाग आणि विणकरांसाठी बघा. गोकाकच्या गिरणीतले कामगार त्यात सापडणार नाहीत, कारण गिरणी तीन वर्षांनी सुरू झाली.

नोंद लिहिताना

प्रत्येक माणसासाठी एक पान. पानाचे तीन उभे भाग करा. पहिल्यात त्याने सांगितलेलं, त्याच्याच बोलीत. दुसऱ्यात कागदावरचं, कागदाचं नाव आणि तारीख घालून. तिसऱ्यात तुमचा अंदाज आणि तो कशावरून. हे तिन्ही एकमेकांत मिसळले की सहा महिन्यांनी तुम्हालाच कळत नाही की ‘आठ वर्षांचा’ हे आज्जा म्हणाला होता की तुम्ही काढलं होतं. रेकॉर्डिंगच्या फाईलला गाव, साल, महिना, तारीख आणि अनुक्रम असं नाव द्या आणि तोच अनुक्रम पानावर घाला. एक प्रत फोनबाहेर, दुसऱ्या घरी ठेवा. बोलणं लिहून काढायला एका तासाला पाच-सहा तास लागतात. हे गृहीत धरूनच माणसं ठरवा. दहा माणसांचं पूर्ण काम चाळीस माणसांच्या अर्धवट कामापेक्षा उपयोगी पडतं.

हिंडताना आज काम करणारं मूल दिसलं तर

मागाच्या किंवा विडीच्या घरांत फिरताना हे घडू शकतं. चौदाखालच्या मुलाला कामावर ठेवणं २०१६ च्या दुरुस्तीनंतर पूर्ण बंद आहे, चौदा ते अठरा वयाला धोक्याच्या कामावर बंदी आहे. घरच्या धंद्यात शाळेनंतर मदत करण्याची सवलत आहे, तीही धोक्याचं काम नसेल तरच. मालकाशी तिथे वाद घालू नका. दुसऱ्या दिवशी मूल तिथून हललेलं असतं. मुलाचा चेहरा, नाव, शाळा कुठेही टाकू नका. जागा, वेळ, कामाचा प्रकार, अंदाजे वय आणि मुलांची संख्या मनात धरा, बाहेर येऊन लिहा आणि १०९८ ला फोन लावा. तो फुकट लागतो, नाव न सांगता बोलता येतं. मुलाला सोडवल्यावर चोवीस तासांत बालकल्याण समितीसमोर न्यावं लागतं. पुढे काय झालं हे तीन-चार दिवसांनी पुन्हा त्याच नंबरवर विचारा. ही तक्रार आणि तुमची इतिहासाची वही या दोन गोष्टी वेगळ्या ठेवा. ज्या घराने विश्वासाने आज्जाची गोष्ट सांगितली, त्या घराचं नाव तक्रारीच्या कागदावर यायला नको.

काम झालं की लिहिलेलं पान मोठ्या अक्षरात छापून त्या घरी घेऊन जा आणि वाचून दाखवा. काही ओळी काढायला सांगतील, त्या काढा. काही ठिकाणी ‘नाही नाही, मी सात वर्षांचा होतो’ असं म्हणून नवीनच गोष्ट सुरू होईल. फोन विमान मोडवर टाकून तयारच ठेवा.